'ऱ्य', 'ॲ' आणि 'ल' : मराठी अक्षरांच्या आवृत्त्या आणि पांढुर्णा-सौंसर

बेळगाव, निपाणी किंवा भालकी येथे मराठी पाटी आणि कन्नड पाटी यांतील भेद निरक्षर माणसालाही कळतो, कारण तेथे लिपीच वेगळी आहे. पांढुर्णा आणि सौंसर येथे तसे नाही. येथे असंख्य घरांची भाषा मराठी आहे, कचेरीची भाषा हिंदी आहे आणि दोहोंची लिपी देवनागरी आहे. गोंडी आणि पवारी बोलणारी घरे येथे आहेत, त्यांचा लेखनव्यवहारही याच लिपीत चालतो. परिणामी येथील मराठी बाहेरून आलेल्याच्या डोळ्यांना दिसत नाही. तो पाटी पाहतो, देवनागरी अक्षरे पाहतो आणि हा हिंदी मुलूख आहे असे ठरवून पुढे जातो.

दोन भाषांची लिपी एकच असली की त्यांतील ज्या भाषेला राज्याश्रय नाही तिचे वेगळेपण मोजक्या अक्षरांत साठून राहते. मराठीच्या बाबतीत ती अक्षरे कोणती? 'ळ', 'दुसऱ्या'मधील 'ऱ्य', 'ॲडव्होकेट'मधील 'ॲ', पाकळ्यांचा 'ल' आणि देठाचा 'श', आणि देवनागरी अंक. एवढी अक्षरे पुसली की मराठीचे पान दुरून हिंदीसारखे दिसू लागते. आज आपण जे काही वाचतो त्याचा फार मोठा भाग फोनच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर वाचतो. तेव्हा ही अक्षरे पडद्यावर कशी उमटतात, ती तेथे केव्हा आली आणि कोणाच्या निर्णयाने आली, हा आमच्या दृष्टीने सीमाप्रश्नाच्या इतिहासाचाच भाग आहे.

या लेखातील आमचे प्रतिपादन थोडक्यात असे. मराठीची ही अक्षरे गेल्या पस्तीस वर्षांत एकेका आवृत्तीबरोबर संगणकात आली. ती आली तेव्हा कोणी राज्याची हद्द पाहिली नाही; सौंसरच्या मराठी माणसालाही ती तितकीच उपलब्ध आहेत जितकी साताऱ्याच्या माणसाला. परंतु त्यांतील काही रूपे यंत्र तेव्हाच देते जेव्हा लिहिणारा त्याला 'माझी भाषा मराठी' असे स्पष्ट सांगतो. न सांगणाऱ्याच्या वाट्याला दुसऱ्या भाषेचे वळण येते.

खिळ्यांचा काळ

मराठी आणि हिंदी यांची छपाईची लिपी एक झाली, ही घटना फार जुनी नाही. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात, ज्याच्या अमलाखाली आजचा पांढुर्णा-सौंसरचा मुलूखही होता, दफ्तराची लिपी मोडी होती. मोडी कागद पाहताच तो मराठी दफ्तराचा आहे हे कळत असे. छपाईने हे चित्र पालटले. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले, ते देवनागरी टायपात. केरी यांचे मराठीचे पंडित वैजनाथ हे नागपूरकडचे होते; म्हणजे मराठी मुद्रणाच्या पहिल्या पानांवर या बाजूच्या मराठीचा हात फिरलेला आहे. केरी यांचा १८१० सालचा मराठी कोश मात्र मोडी टायपात छापला गेला. पुढे मोडीचे खिळे मागे पडले आणि बाळबोध म्हणजे देवनागरी हीच मराठी ग्रंथांची लिपी ठरली. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि तेथील सुबक देवनागरी टाइप देशभर नावाजला गेला.

शिशाच्या खिळ्यांच्या काळात अक्षराचे भवितव्य जुळाऱ्याच्या पेटीत ठरत असे. पेटीच्या घरात जो खिळा आहे तोच कागदावर उमटे. मराठी छापखान्यात 'ळ' आणि 'ऱ्य' यांचे खिळे असणे अपरिहार्य होते, कारण त्यांच्यावाचून एक परिच्छेदही जुळवता येत नाही. केवळ हिंदी छापणाऱ्याला त्या खिळ्यांची गरजच नव्हती. तरीही या भागाला तोवर फारशी अडचण आली नाही. नागपूर हे शहर जवळ होते आणि जुन्या मध्य प्रदेशाची राजधानीही तेच होते. त्या राज्यात हिंदी आणि मराठी या दोन्ही राज्यकारभाराच्या भाषा होत्या.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हे संपले. राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले; छिंदवाडा जिल्हा, त्यातील सौंसर आणि पांढुर्णा यांसह, मध्य प्रदेशात राहिला. राज्याची राजधानी भोपाळला गेली आणि राज्यकारभाराची भाषा एकटी हिंदी झाली. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा वेगळा झाला, कचेरी जवळ आली. कचेरीची भाषा होती तीच राहिली.

फॉन्टांची सीमारेषा

संगणक आला तेव्हा पहिली काही वर्षे अक्षरांची सीमारेषा राज्याच्या सीमारेषेसारखीच कडक होती. त्या वेळचे देवनागरी फॉन्ट ही एक युक्ती होती. संगणकाच्या दृष्टीने आत रोमन अक्षरेच साठवलेली असत. त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवण्याचे काम फॉन्ट करीत असे. मध्य प्रदेशातील हिंदी टंकलेखनात कृतिदेव रूढ झाला. महाराष्ट्रात श्रीलिपी आणि सी-डॅकचे फॉन्ट रूढ झाले. प्रत्येकाची जुळणी निराळी. नागपूरला टंकलेला मराठी मजकूर सौंसरच्या संगणकावर उघडला आणि तेथे तो फॉन्ट नसला, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक पसारा दिसे. करारनामा असो की लग्नपत्रिका, कागद छापून हातोहात नेण्यावाचून गत्यंतर नसे. वकिली व्यवसायात आम्ही हा त्रास अनेक वर्षे पाहिला आहे.

यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणे. भारतीय मानक संस्थेने आयएससीआयआय (इस्की) ही संहिता १९९१ साली प्रमाणित केली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ सालच्या मसुद्यावर आधारलेली होती. युनिकोडने देवनागरी ही एक लिपी मानली. हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत, कोंकणी या सर्वांसाठी एकच कोष्टक ठेवले. हा निर्णय शास्त्रीय दृष्ट्या योग्यच होता. परंतु त्यामुळे मराठीच्या खास अक्षरांची सोय त्या सामाईक कोष्टकात कशी लावायची, हा प्रश्न पुढच्या प्रत्येक आवृत्तीत उभा राहिला.

'ऱ्य' : एका अक्षराच्या दोन नोंदी

मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत तर गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे. पहिल्यात रफार आहे, दुसऱ्यात पापणीसारखा वळलेला अर्धा 'र'. हिंदीला हा भेद लागत नाही. मराठीला तो पदोपदी लागतो, कारण शेतकरी, वारकरी, अधिकारी, कर्मचारी यांसारख्या शब्दांची सामान्यरूपे त्याच्यावाचून लिहिता येत नाहीत.

युनिकोडच्या १९९६ सालच्या २.० या आवृत्तीत हा अर्धा 'र' लिहिण्याची रीत अशी होती : 'र', मग हलन्त, आणि मग एक अदृश्य जोडचिन्ह. त्यानंतरच्या आवृत्तीत ही रीत बदलली. इस्कीशी मेळ राखण्यासाठी 'ऱ' हे नुक्त्याचे अक्षर आणि त्यापुढे हलन्त, अशी नवी रीत मुख्य ठरली. 'ऱ' हे अक्षर कोष्टकात मुळात दाक्षिणात्य भाषांतील एका ध्वनीचे लिप्यंतर करण्यासाठी आहे. त्याच्या अर्ध्या रूपाच्या ठिकाणी मराठीची सोय लावण्यात आली. जुनी रीत रद्द केली नाही. २.० आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून तीही चालू ठेवली.

परिणाम असा की मराठीतील हजारो शब्दांना आज दोन अंतर्गत नोंदी आहेत. डोळ्यांना 'दुसऱ्या' हा एकच शब्द दिसतो. आत तो दोन प्रकारे साठवलेला असू शकतो. युनिकोडचे जे नियम समान अक्षरे एकरूप करतात ते या दोन नोंदींना एक मानीत नाहीत. म्हणून एका रीतीने शोध घेतला तर दुसऱ्या रीतीने लिहिलेला शब्द साधा शोध घेणाऱ्या आज्ञावलीला सापडत नाही. याखेरीज तिसरा प्रकार आहे तो म्हणजे चुकीचा : हिंदी कळफलकावर ज्याला हे अक्षर सापडत नाही तो 'शेतकर्याने' असे रफार देऊन मोकळा होतो.

ज्यांना ही केवळ शुद्धलेखनाची कटकट वाटते त्यांनी न्यायालयीन कागदपत्रांचा विचार करावा. दोनशे पानांच्या कागदपत्रांत 'वहिवाटदाराच्या दुसऱ्या मुलाने' असा उल्लेख कोठे आहे, हे आज संगणकाकडून शोधून घेतले जाते. शोध रिकामा आला की उल्लेख नाही असे गृहीत धरले जाते. एका अदृश्य चिन्हामुळे पुरावा नजरेआड जाऊ शकतो, हे कोणत्याही वकिलाला हलके वाटणार नाही.

'ॲ' : उशिरा मिळालेली जागा

दुसरे अक्षर आमच्या व्यवसायाच्या दारावरच लटकलेले आहे. मराठी वकील आपल्या नावामागे 'ॲड.' लिहितो, हिंदीत 'एडवोकेट' किंवा 'अधिवक्ता' लिहितात. इंग्रजीतील हा स्वर लिहिण्यासाठी मराठीने 'अ'वर चंद्र दिला. युनिकोडच्या आरंभीच्या कोष्टकात 'ए'वर चंद्र असलेले 'ऍ' हे अक्षर होते. 'अ'वर चंद्र असलेले 'ॲ' नव्हते. एप्रिल २००८ मधील ५.१ या आवृत्तीत त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला. म्हणजे युनिकोडच्या जन्मानंतर जवळजवळ सतरा वर्षे मराठीचे हे रोजचे अक्षर आपल्या हक्काच्या जागेवाचून होते.

त्या सतरा वर्षांत लोकांनी आपापल्या वाटा काढल्या. कोणी 'ऍ' लिहिले. कोणी 'अ' लिहून त्यावर सुटा चंद्र ठेवला. कोणी 'अ' आणि चंद्र यांच्यामध्ये अदृश्य जोडचिन्ह घातले. हे सारे मजकूर आजही आहेत आणि आजही वाचले जातात. ते कसे दिसतात हे ठरवणारे यंत्र निराळेच आहे, त्याच्याकडे आता वळतो.

हरूप उघडे करणारी लायब्ररी

युनिकोड अक्षरांना क्रमांक देते. अक्षरे पडद्यावर मांडण्याचे काम ते करीत नाही. 'कि' लिहिताना आपण 'क' आधी आणि वेलांटी नंतर देतो, परंतु दिसताना वेलांटी आधी दिसली पाहिजे. 'र्क' लिहिताना 'र' आधी येतो, पण रफार 'क'च्या डोक्यावर गेला पाहिजे. 'क्ष' तीन क्रमांकांचा असून एकच आकार दिसला पाहिजे. क्रमांकांची ओळ घेऊन फॉन्टातील योग्य आकार योग्य जागी बसवणे, ही जुळाऱ्याची विद्या आहे. संगणकात ती आज्ञावलींच्या एका संचात साठवलेली असते. अशा संचाला लायब्ररी म्हणतात.

आज अँड्रॉइड फोन, क्रोम आणि फायरफॉक्स हे ब्राउझर आणि लिब्रेऑफिस हे लेखनसाधन ज्या लायब्ररीवर चालतात तिचे नाव हार्फबझ. ती मुक्तस्रोत आहे. म्हणजे तिची आज्ञावली कोणालाही वाचता येते, तपासता येते, तीत सुधारणा सुचवता येते. नाव फारसी वळणाचे आहे : हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे उघडे. जुन्या मराठीत अक्षराला 'हरूप' हा शब्द होता, तो याच मुळाचा. तेव्हा या नावाचा मराठी अर्थ सांगायचा तर 'उघडे हरूप' असा सांगता येईल. फ्रीटाइप या मुक्त प्रकल्पातील जुन्या आज्ञावलीपासून ती निघाली आणि इराणी-कॅनेडियन अभियंता बेहदाद एस्फाहबोद यांनी ती पुढे नव्याने लिहून काढली.

आमच्या दृष्टीने २०१२ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी या लायब्ररीतील भारतीय लिप्यांचा भाग नव्याने रचला गेला. लाखो शब्दांच्या याद्या घेऊन ही लायब्ररी ते शब्द कसे मांडते आणि मायक्रोसॉफ्टची यंत्रणा कसे मांडते, याची तुलना करण्यात आली. जेथे फरक निघाला तेथे दुरुस्ती झाली. आरंभीच्या अँड्रॉइड फोनांवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसत किंवा वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसे, हे अनेक वाचकांना आठवत असेल. ते चित्र त्या सुमारास पालटू लागले. जुलै २०१५ मध्ये लायब्ररीची १.० आवृत्ती प्रसिद्ध झाली. फेब्रुवारी २०१७ मधील लिब्रेऑफिसच्या ५.३ आवृत्तीपासून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर अक्षरे मांडण्याचे काम याच लायब्ररीकडे आले. म्हणजे एकच मराठी कागद तिन्ही ठिकाणी एकाच रीतीने उमटण्याची सोय झाली, आणि तीही कोणाला परवाना शुल्क न देता.

या लायब्ररीने मराठीच्या अक्षरांचे काय केले? 'ऱ्य' लिहिण्याच्या दोन्ही रीती तिने मानल्या. दोन्हींतून तोच आकार उमटतो. 'ॲ'च्या बाबतीत मात्र ती कडक आहे. 'अ' लिहून त्यावर सुटा चंद्र देऊ नये असे युनिकोडचे सांगणे आहे. लायब्ररी ते पाळते आणि तसे लिहिल्यास दोहोंच्या मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ दाखवते. जुन्या मराठी मजकुरांत कोठे कोठे 'अ'शेजारी हे वर्तुळ दिसते त्याचे कारण हेच. मजकूर खराब झालेला नसतो. अक्षराला स्वतःची जागा नसतानाच्या काळात तो लिहिला गेला एवढेच.

येथे मुक्तस्रोताचे एक वैशिष्ट्य नोंदवले पाहिजे. खिळ्यांच्या काळात नवा खिळा पाडायचा तर तो ओतणाऱ्या कारखान्याला पटावे लागे, आणि त्याला पटण्यासाठी गिऱ्हाईक मोठे लागे. मुक्त लायब्ररीत एक अक्षर चुकते आहे असे सप्रमाण दाखवणारा माणूस पांढुर्ण्याचा असला तरी चालतो. त्याच्यामागे राज्य सरकार लागत नाही.

भाषेचा रकाना

आता पाकळ्यांचा 'ल' आणि देठाचा 'श'. यांची गोष्ट सर्वांत बोधप्रद आहे. युनिकोडमध्ये मराठी 'ल' आणि हिंदी 'ल' यांना एकच क्रमांक आहे. अक्षर एक, वळणे दोन. मग कोणते वळण दाखवायचे हे कसे ठरते? चांगल्या फॉन्टात दोन्ही आकार ठेवलेले असतात आणि 'भाषा मराठी असेल तर हा आकार घ्यावा' अशी नोंद असते. लायब्ररी त्या नोंदीकडे तेव्हाच पाहते जेव्हा मजकुराची भाषा मराठी आहे असे तिला सांगितलेले असते. मजकुरावर भाषेची खूण नसेल आणि ती वापरणाऱ्या साधनानेही काही सांगितले नसेल, तर लायब्ररी यंत्राच्या मांडणीत निवडलेली भाषा धरते.

लोहित या मुक्त फॉन्टाचा इतिहास येथे उपयोगी पडतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले हे फॉन्ट रेड हॅट कंपनीने २००४ साली मुक्त परवान्याखाली खुले केले. आरंभी लोहित हिंदी आणि लोहित मराठी असे वेगवेगळे फॉन्ट होते; मराठी वळण हवे तर मराठीचा फॉन्ट निवडायचा. पुढे या सर्वांचा मिळून एकच लोहित देवनागरी झाला आणि भाषाभेद फॉन्टाच्या आतल्या नोंदीत गेला. तांत्रिक दृष्ट्या ही प्रगती होय. परंतु निवड फॉन्टाच्या नावावरून उठून भाषेच्या रकान्यात गेली, आणि तो रकाना बहुतेक लोक भरीत नाहीत.

महाराष्ट्र शासनाने २००९ साली आणि पुन्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये शासन निर्णय काढून मराठी वर्णमाला आणि तिचे वळण निश्चित केले. पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' वापरावेत असे त्यात सांगितले आहे. तो निर्णय महाराष्ट्रापुरता आहे. सौंसरच्या शाळेला, पांढुर्ण्याच्या नगरपालिकेला तो लागू होत नाही, होऊ शकतही नाही. लायब्ररीला मात्र अशी हद्द नाही. तिच्यापुढे भाषेची ओळख येते ती 'एमआर-आयएन' या खुणेने : मराठी, भारत. त्या खुणेत राज्याचे नाव नाही. नागपूर, सौंसर, बऱ्हाणपूर, बेळगाव, इंदूर आणि बडोदे येथील मराठी तिच्या लेखी एकच मराठी आहे. १९५६ साली राज्यकर्त्यांनी जी रेघ ओढली ती या नोंदवहीत उतरलेली नाही.

हीच गोष्ट अंकांची आणि तारखांची. भाषाविषयक संकेतांचे जे जागतिक भांडार युनिकोड संघटना राखते, त्यात मराठीचे मूळ अंक देवनागरी धरले आहेत आणि हिंदीचे आंतरराष्ट्रीय. त्या भांडारावर चालणारी आयसीयू ही दुसरी मुक्त लायब्ररी तारीख, वेळ, रक्कम यांची मांडणी करते. मराठी सांगितले तर ती '१ नोव्हेंबर १९५६' लिहिते. हिंदी सांगितले तर महिना 'नवंबर' होतो आणि अंक बदलतात. ज्या घरात आजीने पंचांगातील देवनागरी अंकांवर नातवंडांना मोजणी शिकवली, त्या घरातील फोनचे घड्याळ कोणते अंक दाखवणार, हे एका रकान्यावर ठरते.

हक्क मागावा लागतो, तसाच सांगावाही लागतो

कायद्याचा अभ्यासक म्हणून आम्हाला यात एक जुनी ओळखीची रचना दिसते. संविधानाच्या अनुच्छेद २९(१) ने नागरिकांच्या प्रत्येक गटाला आपली वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती जतन करण्याचा हक्क दिला आहे. त्यात 'लिपी' हा शब्द स्वतंत्रपणे आहे, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. अनुच्छेद ३५० प्रमाणे कोणालाही आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकवण्याची पुरेशी सोय करण्यास राज्याला सांगतो, आणि ३५०ख भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकाऱ्याची तरतूद करतो. या तरतुदी कागदावर पुरेशा आहेत. परंतु त्यांतील एकही आपणहून चालू होत नाही. मराठीत निवेदन देणारा कोणी असावा लागतो. मराठी वर्गाची मागणी करणारे पालक असावे लागतात.

जनगणनेचेही तसेच. मातृभाषेच्या रकान्यात माणूस जे सांगतो ते लिहिले जाते. घरी मराठी बोलणाऱ्या माणसाने, कचेरीची भाषा सांगणे सोयीचे म्हणून, 'हिंदी' असे सांगितले की तो त्या दिवसापुरता आकड्यांतून नाहीसा होतो; आणि शाळा, शिक्षक, पाठ्यपुस्तके यांच्या मागणीला पुढची दहा वर्षे जो आधार लागतो तो तेवढा दुबळा होतो. २०२७ ची जनगणना मोबाइल ॲपद्वारे होणार आणि नागरिकांना स्वतः माहिती भरण्याची सोय असणार, असे केंद्र सरकारने जाहीर केले आहे. फोनच्या मांडणीवरून कोणी आपली मातृभाषा ठरवणार नाही, हे खरे. पण ज्याने आपल्याच फोनला आपली भाषा कधी सांगितली नाही, तो प्रगणकाला ती ठामपणे सांगेल ही आशा कशाच्या बळावर धरायची?

काहींचा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. 'ल'ला पाकळी असली काय, नसली काय, वाचता आले म्हणजे झाले. हिंदी वळणाच्या 'ल'ने मराठी मरत नाही, हे आम्हीही मानतो. हिंदीशी आमचे वैर नाही. या भागातील प्रत्येक मराठी माणूस हिंदी सहज बोलतो आणि बोलत राहील. येथील बोलीत 'डोया' म्हणणारा माणूसही लिहिताना 'डोळा' लिहितो, कारण लिखित रूप त्याला दूरवरच्या मराठी माणसाशी जोडते. प्रश्न वळणाच्या सौंदर्याचा नाही. पहिल्यांदा 'ल' जातो, मग 'ऱ्य'चा रफार होतो, मग 'ॲ'चा 'ए' होतो, मग शब्द बदलतात आणि शेवटी पुढची पिढी भाषा विचारली असता 'हिंदी' सांगते. या साखळीची पहिली कडी आपल्या हातात आहे आणि तिला खर्च काहीच नाही.

तेव्हा सीमेपलीकडील वाचकांना आमची विनंती अशी. फोनच्या मांडणीत भाषांच्या यादीत 'मराठी (भारत)' ही भाषा घालावी. हिंदी काढण्याची गरज नाही, मराठी वर ठेवली की पुरे. मराठी कळफलक घ्यावा. 'ऱ्य' लिहिताना 'ऱ', हलन्त आणि 'य' हा क्रम ठेवावा. 'ॲ' हे अक्षर कळफलकावरूनच घ्यावे, तुकडे जोडून करू नये. लेखनसाधनात मजकुराची भाषा मराठी निवडावी. जुन्या कागदांत शोध घेताना 'दुसऱ्या' हा शब्द दोन्ही रीतींनी शोधावा. गावच्या मंडळाचे, शाळेचे, पतसंस्थेचे संकेतस्थळ करून देणाऱ्या मुलांना सांगावे की पानावर भाषेची खूण 'एमआर' अशी द्या. हिंदीची खूण ठेवून वर मराठी मजकूर घालू नका. आणि एखाद्या ठिकाणी मराठी अक्षर चुकीचे उमटत असेल तर ते सप्रमाण कळवावे. मुक्त लायब्ररीचे दार त्यासाठी उघडे असते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. त्या दर्जाचा मान सर्व मराठी भाषकांचा आहे, आणि त्यात जाम नदीच्या दोन्ही काठांवरचे लोक येतात. मोडीलाही युनिकोडने २०१४ साली ७.० या आवृत्तीत जागा दिली. भोसल्यांच्या दफ्तराची लिपी आता संगणकावर लिहिता येते. इतके दरवाजे उघडले गेले असताना आपल्या घरातील यंत्राला आपली भाषा न सांगणे, हे आमच्या मते परवडणारे नाही. राज्याने मराठीचा रकाना ठेवावा म्हणून आम्ही लढत आलो आणि लढत राहू. जो रकाना आधीच ठेवलेला आहे तो भरणे हे मात्र आपले काम आहे.